घरचं मत

भूगोलाच्या बाईंना आपली खोली जाणार हे कळलं ते भर सभेत, आणि ते सांगितलं त्यांच्याच नवऱ्यानं.

महिन्याची अध्यापक सभा होती. पहिला विषय नेहमीचाच, प्रशासकीय माहिती. ती कुलगुरूंनी वाचायची आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी मांडीवर उत्तरपत्रिका तपासून घ्यायच्या, असा विद्यापीठाचा शिरस्ता होता. बाईही तपासत होत्या. कुलगुरू म्हणजे त्यांचे यजमान. व्यासपीठावर उभे राहून ते एका सुरात वाचत चालले होते. मागच्या इमारतीतल्या गळक्या नळांची दुरुस्ती हाती घेण्यात आली आहे. नवीन ओळखपत्रांचं काम प्रगतिपथावर आहे. वाहनतळाची रंगरंगोटी करण्यात येईल. आणि मग, सूर कणभरही न बदलता, 'इतर बाबी' या मथळ्याखाली त्यांनी वाचलं, की जुन्या इमारतीतल्या अध्यापकांच्या स्वतंत्र खोल्या टप्प्याटप्प्यानं रिकाम्या करून घेण्याचा निर्णय घेण्यात आला आहे. त्याऐवजी तळमजल्यावर खुलं कार्यदालन उभारण्यात येत असून तिथे प्रत्येकाला बसायला जागा आणि सामानासाठी एक कुलूपबंद कप्पा मिळेल. एवढं वाचून त्यांनी पान उलटलं आणि ते कचऱ्याच्या डब्यांकडे वळले.

सभागृहातली पेनं थांबली. सगळ्यांनी आधी व्यासपीठाकडे पाहिलं, आणि मग सगळेच्या सगळे मागे वळून खांबाशेजारी बसलेल्या बाईंकडे पाहू लागले. त्या नजरांचा अर्थ बाईंना लगेच लागला. हिला आधीपासून ठाऊक होतं, असा तो अर्थ होता.

बाईंना काहीही ठाऊक नव्हतं. आणि त्याला त्या स्वतःच जबाबदार होत्या. नवरा कुलगुरू झाला त्याच आठवड्यात भूगोल विभागाच्या वर्गात नवे पंखे बसले. पंखे आदल्या वर्षीच मंजूर झालेले होते, पण 'आता काय, घरचंच आहे' असं कुणीतरी जिन्यात म्हणालं आणि ते बाईंच्या कानावर आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला बजावलं, की जे तू इतर अध्यापकांना सांगणार नाहीस ते मलाही सांगायचं नाही. घरात विद्यापीठ नको. नवरा मूळचा भौतिकशास्त्राचा. एकदा नियम म्हटला की त्याला अपवाद असतो हे त्याच्या डोक्यातच शिरत नसे. तेव्हापासून कुलगुरूंच्या बायकोला विद्यापीठाच्या सगळ्या बातम्या सूचनाफलकावर कळत.

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या भांडायच्या तयारीनंच. पण दिवाणखान्यात सासूबाई बसल्या होत्या, आणि तिथे एक जुनी अडचण होती. नवराबायको संशोधन करत असताना एकाच प्रयोगशाळेच्या मजल्यावर भेटलेले, त्यामुळे दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. लग्नानंतर सासूबाईंना ते खटकलं. बरीच बोलणी होऊन शेवटी तह झाला, की आईंसमोर 'अहो', एरवी 'तू'. आता 'अहो' म्हणत भांडणं फार अवघड. शब्दाला धारच येत नाही. बाईंनी दोन-चार वाक्यं 'अहो'त बोलून पाहिली, आणि मग दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्तानं नवऱ्याला मागच्या अंगणात नेलं.

"माझे नकाशे कुठे जाणार?" त्यांनी विचारलं.

बाईंच्या खोलीत नकाशांची तीन लाकडी कपाटं होती, रुंद आणि उथळ खणांची. नद्यांची खोरी, जमिनीचे पोत, जुन्या मोजण्या, सगळं त्यात न घडी घालता पडलेलं असे. नकाशाला घडी पडली की नेमकी घडीवरचीच गावं पुसली जातात, असं त्या विद्यार्थ्यांना सांगत.

"कप्पा मिळणार आहे," कुलगुरू म्हणाले.

"केवढा?"

त्यांनी हातानं दाखवला.

"त्यात माझ्या चपला मावतील. हा निर्णय घेतला कोणी?"

"घेण्यात आला," कुलगुरू म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं. ते दोरीवरचा टॉवेल काढून त्याच्या काटेकोर घड्या घालू लागले. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. पण नियम म्हणजे नियम. कुलगुरूंनी पुढे अवाक्षर काढलं नाही, आणि बाईंनी उरलेले कपडे एकटीनं आत नेले.

पुढच्या काही दिवसांत विद्यापीठ तापलं. आघाडीवर अर्थातच मुद्दासर होते. हे कायद्याचे प्राध्यापक. कुठल्याही सभेत, कुठल्याही विषयावर, 'माझा एक मुद्दा आहे' म्हणून उठायचे आणि तो एक मुद्दा संपेपर्यंत चहा गार व्हायचा. माणूस वाईट नव्हता. विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी ते खरोखर भांडले होते, एकदा त्यासाठी पगारही कापून घेतला होता. पण आता बरीच वर्षं त्यांना मनासारखं भांडण मिळालं नव्हतं, आणि खोल्यांच्या प्रकरणानं त्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. अध्यापकांच्या चहाच्या खोलीत गटागटानं कुजबुज चाले. बाई आत आल्या की सगळे एकदम हवेबद्दल बोलू लागत.

एके दुपारी मुद्दासर बाईंच्या खोलीवर आले. बसा म्हटल्यावरही उभेच राहिले. मग नकाशांच्या कपाटांवरून हात फिरवत म्हणाले, की विषय जरा नाजूक आहे. अध्यापक कुलगुरूंवर अविश्वास ठराव आणताहेत. मॅडमच्या भावना आपण समजू शकतो. त्या दिवशी मॅडमनी रजा टाकली तरी कुणी काही बोलणार नाही. बाईंनी विचारलं, रजा कशासाठी? मुद्दासर म्हणाले, म्हणजे, घरचा प्रश्न. बाई म्हणाल्या, घर माझं जात नाहीये, खोली जातेय, आणि मी सभेला येणार. मुद्दासरांचे डोळे चमकले. ते जाताना दार अगदी हळू लावून गेले, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या विद्यापीठात झालं, की बाई आपल्या बाजूनं आहेत.

दुसऱ्या दिवशी कुलसचिव आल्या. या शिस्तीच्या होत्या, बोलतानाही तळाशी सही करायला जागा सोडल्यासारखं बोलत. नकाशांसारख्या विशेष साहित्यासाठी एक लहान स्वतंत्र खोली देण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे, असं त्यांनी कळवलं. अजून कागदावर काही नाही, पण विचाराधीन आहे. बाईंनी विचारलं, कधीपर्यंत विचाराधीन? कुलसचिव म्हणाल्या, ते सभेत काय होतं त्यावर. बाईंचं डोकं सणकलं, पण घरी आलेल्या माणसाला बोलू नये तसं खोलीवर आलेल्यालाही बोलू नये, म्हणून त्या "बघते" एवढंच म्हणाल्या. कुलसचिवांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

घरी सासूबाईंची वेगळीच काळजी होती. कुलगुरू निवासाचं स्वयंपाकघर त्यांना मनापासून आवडे. ओटा लांबरुंद, खिडकी पूर्वेला, पाण्याला जोर. मतदान होणार म्हणजे निवडणूकच, असं त्यांनी धरलं होतं आणि लेकीला फोनवर तसंच सांगितलं होतं. सकाळी पोळ्या लाटताना त्यांनी सुनेला विचारलं, "तू मत कुणाला देणार आहेस?"

"गुप्त असतं ते, आई."

"माझ्यापासून काय गुप्त?" सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणते, माणूस थोडा चुकला तरी घरचा. आणि आपल्या जुन्या घरी नळाला करंगळीएवढी धार येते."

बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरावाच्या बाजूनं मत द्यायचं. राग होताच, पण नुसता राग नव्हता. ज्याच्याशी आयुष्यभर वाद घालत संसार केला, तो माणूस आता वाद घालतच नव्हता. सकाळी आरशासमोर उभा राहून 'करण्यात येईल', 'विचारात घेण्यात येईल' अशी वाक्यं पुटपुटायचा. जेवताना ताटाकडे बघायचा. त्याला कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि अख्खं विद्यापीठ ते करणार असेल तर आपण मागे का राहायचं, असा त्यांचा हिशेब होता.

ठरावाच्या दिवशी सभागृह कधी नव्हे ते भरलं. ज्यांना सहकारी म्हणून कुणी ओळखतही नव्हतं असे लोक कुठून कुठून आले होते. उत्तरपत्रिका कुणीही आणल्या नव्हत्या. मुद्दासर दीर्घ बोलले, चांगलं बोलले. खोली म्हणजे चार भिंती नव्हेत, विद्यार्थ्याला दार लोटून आत येता येईल अशी ती एकच जागा, असं ते म्हणाले, तेव्हा बाईंनाही गलबलून आलं. मग कुलगुरू उठले आणि त्यांनी लिहून आणलेलं वाचलं. त्यात खुल्या कार्यदालनाचे फायदे होते. वाचताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

मतदानाआधी कोण मत देऊ शकतं यावर बरीच घासाघीस झाली. संख्याशास्त्राच्या एका सरांनी अत्यंत अदबीनं विचारलं, की कुलगुरूंच्या पत्नीनं मत देणं कितपत योग्य? सभागृहात चुळबुळ झाली. बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "मी इथे नोकरीला लागले तेव्हा हे भौतिकशास्त्रात साधे अधिव्याख्याता होते. माझं मत त्यांच्या खुर्चीहून जुनं आहे." लोक हसले आणि तो विषय मिटला. मग कुणीतरी विचारलं, खुद्द कुलगुरूंचं काय? तेही मूळचे प्राध्यापक, त्यांचं नाव अजून विभागाच्या पटावर आहे. इथे मुद्दासरांनी मोठं मन दाखवलं. बहुमत खिशात आहे अशी त्यांची खात्री होती. ते म्हणाले, की लोकशाहीत आरोपीलाही मताचा हक्क असतो. कुलगुरूंनी खुशाल मत द्यावं. टाळ्या पडल्या.

व्यासपीठाच्या कडेला पुठ्ठ्याचा आडोसा करून आत मतपेटी ठेवली होती. बाईंची पाळी आली. त्या आत गेल्या, चिठ्ठी समोर ठेवली, पेन उघडलं. आडोशाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये फट राहिली होती आणि तिच्यातून नेमका नवरा दिसत होता. व्यासपीठावर तो एकटाच बसला होता. शेजारची कुलसचिवांची खुर्ची नेहमीपेक्षा बरीच बाजूला सरकलेली होती. त्याच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूनं आत दुमडली गेली होती आणि इतक्या माणसांत ती कुणी नीट केली नव्हती. बाकी काही नाही, एवढंच. बाईंनी कितीतरी वेळ त्या कॉलरकडे पाहिलं. मग खोल्या, नकाशे, तत्त्व, सगळं बाजूला ठेवून, ज्या पक्षपाताचा आरोप त्यांनी इतकी वर्षं अंगाला लागू दिला नव्हता, तोच पक्षपात त्यांनी शांतपणे केला. चिठ्ठीवर ठरावाच्या विरोधात खूण केली आणि ती पेटीत टाकली.

मतं मोजली. पुन्हा मोजली. मुद्दासरांनी हरकत घेतली म्हणून तिसऱ्यांदाही मोजली. दोन्ही बाजूंना समसमान मतं पडली होती. नियमावली काढली गेली. त्यात लिहिलं होतं, की मतं सारखी पडल्यास ठराव फेटाळला गेला असं समजावं. हे कलम काही वर्षांपूर्वी दुरुस्त करून घेतलं होतं ते मुद्दासरांनीच, दुसऱ्या कुठल्या तरी भांडणात. ते खाली बसले आणि चष्मा पुसू लागले.

कुलगुरू संध्याकाळी घरी आले. सासूबाईंनी दारातच त्यांचं तोंड भरून कौतुक केलं आणि लेकीला निकाल कळवायला आतल्या खोलीत गेल्या. कुलगुरू बूट न काढता खुर्चीत बसले. बाईंनी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "नियमात बसत नाही."

"सांग."

"ती खोल्यांची योजना माझी नव्हती. व्यवस्थापन परिषदेनं माथी मारली. मी तीन बैठका भांडलो. शेवटी म्हणाले, परिषदेत काय बोललात ते परिषदेत राहू द्या, सभेत निर्णय तुमचाच म्हणून वाचा."

"मग राजीनामा द्यायचास."

"घाबरलो. लोक म्हणाले असते, पळाला. म्हटलं, अध्यापकांनीच काढलं तर बरं. मान खाली घालून प्रयोगशाळेत परत जाईन." त्यांनी वाकून बुटाची नाडी सोडली. "मी ठरावाच्या बाजूनं मत दिलं."

बाई खुर्चीत बसल्या.

"माझ्याविरुद्ध," कुलगुरूंनी खुलासा केला, जणू बायकोला समजलं नसावं. "आणि तरी एका मतानं राहिलो. कोण हा माझा एवढा हितचिंतक, मला कळत नाही."

मत गुप्त होतं. बाईंनी तोंड मिटून घेतलं असतं तर जन्मात कुणाला कळलं नसतं. पण घरात विद्यापीठ नको हा नियम आता मोडलाच होता, आणि अर्धा मोडून काही उपयोग नव्हता.

"मी," त्या म्हणाल्या.

"तू? तू तर महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हतीस."

"तुझी कॉलर आत गेली होती."

कुलगुरूंनी हात मानेकडे नेला. कॉलर अजून तशीच होती. ती त्यांनी चाचपली, पण बाहेर काढली नाही. मग ते हसायला लागले. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलवत, आणि नंतर इतक्या मोठ्यानं की सासूबाई फोन हातात घेऊन बाहेर आल्या आणि जिंकल्याचा आनंद झालाय म्हणून लेकीला सांगू लागल्या. बाईंना हसू येत नव्हतं. आपण नवऱ्याला वाचवायला गेलो आणि दार बाहेरून लावून आलो, हे त्यांना आत्ता कुठे उमगत होतं.

पुढे जे झालं ते विद्यापीठाच्या रीतीप्रमाणेच झालं. व्यवस्थापन परिषदेनं 'अध्यापकांनी व्यक्त केलेल्या विश्वासाबद्दल' समाधान नोंदवलं आणि खूश होऊन कुलगुरूंची मुदत वाढवून टाकली. मुद्दासरांच्या गटात अशी पक्की समजूत होती, की बाईंनी नवऱ्याविरुद्ध मत दिलं. एवढं धैर्य कुणात असतं, असं जो तो म्हणे. कुलसचिवांच्या गटाची तितकीच पक्की समजूत होती, की बाई निष्ठेला जागल्या. अध्यापक सभेच्या अध्यक्षपदाची जागा रिकामी झाली तेव्हा दोन्ही गटांनी एकच नाव सुचवलं, आणि सभेच्या आजवरच्या आयुष्यात न घडलेली गोष्ट घडली. निवड एकमतानं झाली. बाईंनी नाही म्हणून पाहिलं. दोन्हीकडच्यांना तो विनय वाटला.

खोल्या रिकाम्या करायची वेळ आली तेव्हा सुरुवात कोण करणार, हा प्रश्न उभा राहिला. कुलगुरूंची पत्नी आणि सभेची अध्यक्ष अशा दोन्ही नात्यांनी सगळ्यांच्या नजरा पुन्हा बाईंकडे वळल्या. बाईंनी फार ताणलं नाही. नकाशांची कपाटं चार माणसांनी उचलून तळमजल्यावर नेली, आणि बाईंनी आपल्या जुन्या खोलीला कुलूप लावून किल्ली कार्यालयात दिली. त्यानंतर उरलेल्यांनी जायचं होतं. पण कप्प्यांच्या निविदेत काहीतरी घोळ झाला. कप्पे येईपर्यंत अध्यापकांनी आपापल्या खोल्या तात्पुरत्या वापरत राहाव्यात, असं परिपत्रक निघालं. कप्पे आले नाहीत. मुद्दासरांनी हा आपल्या लढ्याचा विजय म्हणून जाहीर केला. कुलसचिवांनी योजनेचा पहिला टप्पा यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं कळवलं. दोघांचंही खरं होतं. पहिला टप्पा म्हणजे बाई.

तेव्हा त्या एवढ्या थोरल्या दालनात भूगोलाच्या बाई एकट्या बसू लागल्या. आठवडाभर त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. मग एक दिवस एका नदीचं खोरं शिकवायचं होतं, त्याच्या नकाशाचे सहा तुकडे होते, आणि जुन्या खोलीतल्या टेबलावर ते कधीच एकत्र मांडता आले नव्हते. दालनातली टेबलं भिंतीपासून भिंतीपर्यंत जोडलेली. बाईंनी एकेक तुकडा काढून कडेला कड लावला. उगमापासून मुखापर्यंत सबंध नदी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर अखंड पसरली. त्या टेबलाच्या कडेकडेनं चालत गेल्या, परत आल्या. ज्या योजनेविरुद्ध आपण एवढा संताप केला तिचा फायदा सगळ्या विद्यापीठात फक्त आपल्यालाच झाला, हे काही कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. विद्यार्थी मात्र नकाशाभोवती उभं राहून शिकायला मिळतं म्हणून खूश होते.

नियमावलीप्रमाणे प्रशासकीय माहितीचा मसुदा सभेआधी अध्यक्षांना दाखवावा लागे. आजवरचे अध्यक्ष तो न वाचताच सही करत. बाई वाचू लागल्या. त्यामुळे कुलगुरूंना महिन्यातून एकदा दालनात यावं लागे, बायकोसमोर बसून प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण ते सांगावं लागे. नळ दुरुस्त करण्यात आले की केले? कुणी केले? खरोखर झाले का? कुलगुरू आधी वैतागले, मग त्यांना त्यात चव येऊ लागली. एकदा नळांवरूनच दोघांची अशी जुंपली, की बाहेरून जाणाऱ्या संख्याशास्त्राच्या सरांनी आत डोकावून पाहिलं आणि गडबडीनं पाय काढता घेतला.

अशाच एका दुपारी कुलगुरूंनी मसुदा पुढे केला नाही. ते नुसतेच समोर बसले.

"मला परत विभागात जायचंय," ते म्हणाले. "मुदत संपायच्या आधी. राजीनामा दिला तर पळाला म्हणतील. मी कलम पाहिलं. सभेनं संमती दिली तर जाता येतं."

"ठराव लागतो," बाई म्हणाल्या.

"तू मांड."

"अध्यक्षाला मांडता येत नाही."

"मग अनुमोदन दे."

"तेही नाही. दुसरा कुणीतरी बघ."

कुलगुरू उठले आणि सरळ मुद्दासरांकडे गेले. आपल्याला कुलगुरुपदावरून मोकळं करण्याचा ठराव मुद्दासरांनीच मांडावा, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. मुद्दासरांना हे अजिबात आवडलं नाही. कप्पे अजून आलेले नाहीत, ते म्हणाले. उद्या आले तर कुणाशी भांडायचं? नवा माणूस येणार, त्याची नस सापडायलाच वर्ष जायचं. शिवाय अलीकडे सरांची प्रशासकीय माहिती फार स्पष्ट असते, विरोध करायला बरं पडतं. कुलगुरूंनी कुलसचिवांना विचारलं. त्यांनी विषय विचाराधीन ठेवला. काही जणांना वाटलं ही परीक्षा आहे, आणि ते घाबरून कुलगुरूंचं गुणगान करू लागले. अख्ख्या विद्यापीठात, ज्याच्या निम्म्या लोकांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं, त्यांना घालवायला एक माणूस मिळेना.

ते परत आले तेव्हा बाई जमिनीच्या पोतांचा नकाशा गुंडाळत होत्या. कुलगुरूंनी घडलेलं सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. बाईंनी ऐकून घेतलं.

"आता रे?" त्यांनी विचारलं.

"आता काय. सोमवारी पदव्युत्तर वर्गाला एक तास घेतो म्हणून विभागप्रमुखांना सांगून आलोय. फुकट शिकवतो म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. त्याला ठराव लागत नाही ना?"

"लागत नाही. पण वेळापत्रकात नाव लागलं तर कुलगुरूंची सही लागेल."

"ती मिळेल," कुलगुरू म्हणाले, आणि बाईंनी दिलेलं नकाशाचं दुसरं टोक धरून हळूहळू, घडी न पडू देता, त्यांच्याकडे चालत येऊ लागले.